विकणाऱ्यानं उघडलेली पेटी

“पण सही का करत नाही, उस्ताद? कारण तरी सांगा!”

शार्दूलनं कागद टेबलावर आपटला. उस्तादांचा चहा बशीत सांडला.

उस्ताद म्हणजे निवृत्त सुभेदार येसबा शेडगे. सातारच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या रायफल क्लबची रेंज आहे, तिथं ते शिकवतात. शार्दूल घोरपडे त्यांचाच चेला. गेल्या साली राज्यात दुसरा आला आणि तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीला लागेनात. मी सोपान, टार्गेट लावणारा आणि उतरवणारा माणूस. सोळा वर्षं झाली. मला कुणी काही विचारत नाही, पण डोळे मलाही आहेत.

कागद काडतुसांचा होता. फौजेनं जुनी झाली म्हणून बाहेर काढलेली, एका व्यापाऱ्याकडून नेमबाजीच्या सरावासाठी घेतलेली काडतुसं. आठ पेट्या. खरेदीचं आणि तपासणीचं काम क्लबनं शार्दूलवर सोपवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निवड चाचणी होती आणि क्लबच्या सहा मुली हीच काडतुसं उडवणार होत्या. माल तपासला, वापरायला हरकत नाही, एवढंच कागदावर लिहिलं होतं. खाली शार्दूलची सही होती. उस्तादांची राहिली होती.

“किती उडवलीस?” उस्तादांनी विचारलं.

“साठ. एकही वाया गेलं नाही. सगळी तळहाताएवढ्या जागेत. टार्गेट आणून दाखवू का?”

“कुठल्या पेटीतली?”

“पहिल्या.”

“साठच्या साठ?”

“हो.”

“आणि बाकीच्या सात?”

“त्यांना सील होतं. माल सारखाच आहे, उस्ताद.”

“पहिलीचं सील कुणी फोडलं?”

शार्दूल टेबलावरचा कागद सरळ करायला लागला.

“कुणी फोडलं रं?”

“विकणाऱ्यानं.”

उस्ताद खुर्चीतून उठले. रागावले की ते आवाज चढवत नाहीत, बारीक करतात. तो तसा बारीक झाला.

“म्हणजे त्यानं ताटात वाढलं तेवढं तू खाल्लंस. आणि सैपाक झकास झालाय म्हणून आता पोरींना पंगतीला बसवतोयस. लाज वाटती का थोडी?”

“मग काय करू? सगळी उडवून बघू?” शार्दूलही भडकला. “सगळी उडवली तर उद्या पोरींच्या हातात काय देऊ? रिकाम्या पुंगळ्या?”

“आत्ता कुठं कळाय लागलं तुला.”

“काय कळलं? मला कोड्यात बोललेलं समजत नाही. सही करणार आहात की नाही, तेवढं बोला!”

उस्तादांशी कुणी या आवाजात बोललेलं मी सोळा वर्षांत ऐकलं नव्हतं. माझं टाळकंच सरकलं. एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटली. उस्तादांनी माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली, नको म्हणून.

“कुठली उडवून बघायची ते आपण ठरवायचं, विकणाऱ्यानं न्हाई. सोपाना, पाचवी पेटी फोड.”

मी फोडली. आत पत्र्याचा डबा होता, डब्यात कागदी पुडकी. झाकण उचललं तसा कुबट वास आला. उस्तादांनी मधलं एक पुडकं सोडलं. निवडानिवड काही केली नाही, हाताला लागलं ते काडतूस उचललं. पितळेवर हिरवट चट्टा होता. त्यांनी अंगठ्यानं पुसून बघितला, निघाला नाही.

“लाव.”

“लावतो की! आणि हेही उडणार, बघाच तुम्ही.”

शार्दूल चटईवर पालथा झाला. काडतूस घातलं, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट लावला, गाल रायफलच्या दस्त्याला टेकवला. उस्ताद त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसले. त्यानं श्वास रोखून ट्रिगर ओढला.

खट्...

बस, एवढंच. ना बार, ना धक्का.

“च्यायला!” शार्दूलचे कान लाल झाले. काडतूस बाहेर काढून फेकायला त्याचा हात बोल्टकडं गेला. त्याच्या आधी उस्तादांचा तळहात बोल्टवर पडला होता.

“हात काढा, उस्ताद.”

“एक.”

“अहो, फुसकं आहे ते! काढू द्या मला!”

“नळी समोर ठेव, गाढवा! दोन.”

“हात काढा म्हणतो ना...”

धाड्!

रायफल मागं उसळली. उस्तादांचा हात झटक्यानं बाजूला फेकला गेला. पलीकडच्या बांधावर माती उडाली. शार्दूल जिथल्या तिथं पडून राहिला, तोंड उघडं, डोळे टार्गेटवर.

काडतूस आतल्या आत उशिरा पेटलं होतं. बोल्ट उघडा असता तर ते त्याच्या तोंडापुढंच फुटलं असतं. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. खट् झालं की नळी हलवायची नाही, बोल्टला शिवायचं नाही, सावकाश तीस मोजायचे. हे इथं पहिल्या आठवड्यात शिकवतात. शार्दूलला शिकवताना मी तिथंच उभा होतो. दोन वर्षं हा पोरगा इमानानं मोजायचा. मग बक्षीस मिळालं, फोटो छापून आला आणि याचं मोजणं सुटलं.

शार्दूल उठून बसला. हात त्यानं मांड्यांखाली दाबले. मला वाटलं, आता हा पाय धरणार. निदान कागद तरी फाडणार.

“एखादंच असतं असं,” तो म्हणाला.

उस्तादांनी डाव्या हातानं रायफल उचलून बाजूला ठेवली.

“खरंच सांगतो, उस्ताद. जुन्या मालात एखादं निघायचंच. मुलींना सकाळी ताकीद देतो, खट् झालं की तीस मोजा म्हणून. मी स्वतः त्यांच्याजवळ उभा राहतो. कुणी चुकून बोल्टला हात घातलाच तर मी धरतो. तुम्ही आत्ता धरलात तसा.” त्याचा आवाज चिरकला. “आता ऐनवेळी माल परत केला तर मी तोंड कुठं दाखवू? सगळ्यांना सांगून बसलोय, मी तपासलाय म्हणून!”

मी शिवी हासडली. खरं तेच सांगतो, मोठ्यानं हासडली.

उस्तादांनी उजवा हात शार्दूलच्या नाकापुढं धरला. धक्क्यात बोल्टची मूठ घुसून तळहात फाटला होता, रक्त मनगटावरून कोपराकडं चाललं होतं. शार्दूलनं मान फिरवली. उस्तादांनी डाव्या हातानं त्याची हनुवटी धरून ती परत सरळ केली.

“सहा पोरी एकदम ट्रिगर ओढत्यात,” ते म्हणाले. “तुला हात किती?”