मानेजवळची चीर

सायकलींची वाचा अजून गेली नव्हती, त्या दिवसांतली गोष्ट. डोंगरातल्या पाड्यांवर औषधं पोचवणाऱ्या यमुनाताईंसाठी दस्तगीर मिस्त्रींच्या दुकानात विजेची मोटर आली. आता ती बसवायची कुठल्या सायकलला?

ॲल्युमिनियमची सायकल पुढे सरसावली. मिस्त्रींनी तिची मागचं चाक अडकवायची खाच चाचपली. "पातळ आहे. मोटरच्या झटक्यानं फाकेल."

"माझी काळीच घ्या," यमुनाताई म्हणाल्या. बारा वर्षं त्या या लोखंडी सायकलवरूनच फिरल्या होत्या. काळीनंही याच दिवसाची वाट पाहिली होती.

मिस्त्रींनी पाना उचलला, तशी काळी म्हणाली, "थांबा. हँडलखाली, मानेजवळ, रंगाआड चीर आहे. मोटरच्या वेगात उतारावर मी तुटेन आणि ताई दरीत जातील. कोपऱ्यातली दूधवाल्यानं विकलेली सायकल घ्या. बोजड आहे, पण धड आहे."

मिस्त्रींनी रंग खरवडला. केसाएवढी चीर निघाली. त्यांनी मोटर दूधवाल्याच्या सायकलला बसवली.

यमुनाताईंनी काळीची घंटी तेवढी काढून दूधवाल्याच्या सायकलला लावली. दुसऱ्या दिवशी चढावर ती वाजली आणि पाड्यावरची माणसं म्हणाली, "काळी आली!"

दूधवाल्याच्या सायकलनं कुणाचीच चूक सुधारली नाही.