वरवंटा फिरायला निघाला

"घर एकच मिळेल. मोती पेठेतलं घ्या, नाहीतर चिंच पेठेतलं. पण कुणालाही काहीही विचारायचं नाही!"

राजा चंद्रभानाने असं फर्मावलं आणि मल्हारी माहुताच्या तोंडचं पाणी पळालं. बिथरलेल्या हत्तीला केळी चारून शांत केलं म्हणून बक्षीस मिळत होतं खरं, पण न विचारता घर कसं निवडायचं?

राजाचंही अगदीच चूक होतं असं नाही. मागे त्याने खजिनदाराला असंच घर देऊ केलं होतं. खजिनदाराने गावभर सल्ले विचारले, आणि तो बिचारा अजून सासऱ्याच्या माडीवरच राहत होता.

"उद्याचा दिवस देतो," राजा म्हणाला. "दोन्ही पेठा एकेकदा फिरा. संध्याकाळी निवड सांगा आणि ती मला पटवून द्या. नाही पटली, तर आहात तिथेच राहा."

आहात तिथे म्हणजे हत्तीखान्याला टेकलेल्या एका खोलीत. हत्ती घोरला की फळीवरची भांडी खाली येत. खिडकी उघडी राहिली की सोंड आत येई आणि भाकरी बाहेर जाई. त्यातून मल्हारीच्या बायकोचे, सगुणाचे, दिवस भरत आले होते. बाळाचा पाळणा टांगावा तर कुठे? आणि बाळ झाल्यावर मल्हारी हत्ती घेऊन चार महिने जंगलात जाणार.

"यात निवडायचं काय?" दिवाणजी म्हणाले. ते स्वतः मोती पेठेत राहत. "आमच्या पेठेत सरळ रस्ते, कारंजं, आणि शांतता तर अशी की शेजारी वारला तरी महिनाभर कळत नाही! चिंच पेठेत नुसता कलकलाट."

सगुणा पुढे झाली. "महाराज, विचारायचं नाही, कबूल. पण सोबत काही न्यायला हरकत नाही ना?"

"हत्ती सोडून काहीही ने!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाने पाट्यावरचा वरवंटा उचलला, त्याला दोरी बांधली आणि शेळी न्यावी तसा ओढत निघाली. खडखड, खडखड!

"अगं, लोक काय म्हणतील?" मल्हारी कळवळला.

"अहो, तेच तर ऐकायचंय."

ती कुणाला विचारते का, हे बघायला दिवाणजी मागोमाग होतेच. आधी मोती पेठ आली. कारंजं उडत होतं, अंगणं धुतलेली होती. सगुणा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एका गृहस्थाने वरवंट्यावरून अलगद पाय टाकला आणि तो पुढे गेला. दोन खिडक्या बंद झाल्या. बाकी शांतता.

"बघितलंस? कुणाचा काही त्रास नाही," दिवाणजी अभिमानाने म्हणाले.

मग चिंच पेठ. वळणावळणाच्या बोळात वरवंटा शिरला मात्र...

"काय गं बाई, हे काय ओढतेस?"

"वरवंटा आहे. फिरायला आणलाय."

"दोरी कशाला? पळून जातोय की काय?"

"सासूने घराबाहेर काढली वाटतं वरवंट्यासकट!"

"माहूत ना गं नवरा तुझा? हत्ती त्याला आणि दगड तुला, हा कुठला न्याय?"

तेवढ्यात बयाआजी नावाची एक म्हातारी काठी टेकत ओट्यावरून उतरली. तिने आधी दोरी काढून घेतली.

"वेडी का खुळी तू? आठवा संपत आलेला दिसतोय आणि दगड ओढतेस! बस इथे. ताक पी. आणि अहो पागोटेवाले, नुसते बघत काय उभे राहिलात? उचला तो!"

वेशीपर्यंत वरवंटा दिवाणजींनी वाहिला.

संध्याकाळी दरबारात सगुणा म्हणाली, "चिंच पेठ."

"हिने कुणाला काही विचारलं?" राजाने दिवाणजींकडे बघितलं.

"नाही महाराज," दिवाणजी खांदा चोळत म्हणाले. "तिलाच सगळ्यांनी विचारलं. असल्या चांभारचौकशा करणाऱ्या पेठेत कोण राहील?"

"मी राहीन," सगुणा म्हणाली. "महाराज, बारशाला हाच वरवंटा बाळासारखा सजवतात. पाळण्याच्या एका बाजूने एक बाई तो देते, दुसऱ्या बाजूने दुसरी घेते. माझे धनी जंगलात असणार. देणारी मी झाले, तरी घेणारी नको का? घर दोन्ही पेठांत आहे. घेणारी एकाच पेठेत भेटली."

राजा विचारात पडला. मग हट्टाने उठला. "मला स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही. आणा तो वरवंटा!"

आणि राजा चंद्रभान स्वतः दोरी धरून निघाला. खडखड, खडखड! मागे दिवाणजी, त्यांच्या मागे मल्हारी आणि सगुणा. मोती पेठेत सगळ्यांनी वाकून मुजरे केले. राजा दगड ओढत का चाललाय, हे एकानेही विचारलं नाही. राजाला जरा वाईटच वाटलं.

चिंच पेठेत पाय ठेवतो न ठेवतो तोच बयाआजी आडवी आली.

"महाराज, तुम्हीसुद्धा? मुजरा घ्या आणि आधी सांगा, राणीसाहेबांनी मसाला वाटायला लावला की काय?"

राजा इतका हसला की त्याच्या हातून दोरी सुटली. "पटलं! घर सगुणाचं. आणि बारशाला चांदीचा पाळणा राजवाड्यातून येईल. वरवंटा द्यायला राणीसाहेब येतील, मग तर झालं?"

"येऊ देत की, घ्यायला मी आहे," बयाआजी म्हणाली. "फक्त त्यांना सांगून ठेवा, दोन्ही हातांनी धरायचा. जड असतो. हवं तर या दिवाणांना विचारा!"