राणीचे अर्धे वाक्य

एका राज्यात जमीन थोडी आणि पाणी फार होते. बेटामागून बेट होते, आणि बेटाबेटावर बांबूच्या खांबांवर उभी केलेली घरे होती. राजाचा महालही खांबांवरच उभा होता, फक्त त्याचे खांब इतरांपेक्षा उंच होते. त्या महालात माकिसिग नावाचा राजा राहत असे आणि दालिसाय नावाची त्याची राणी.

राणीला दिवस गेले, तेव्हा इनांग नावाची म्हातारी सुईण महालात राहायला आली. आल्याआल्या तिने नियम सांगितले. गरोदर बाईने दारात बसू नये, बाळ दारातच अडते. तिने जुळे केळे खाऊ नये, जुळी होतात. तिने गळ्यात काही घालू नये, पोटात नाळ बाळाच्या गळ्याभोवती फिरते.

राजा म्हणाला, "आणि कानात घातलं तर?"

"खुशाल घालू दे. कानातून कुणी जन्माला येत नाही," इनांग म्हणाली. "हसा, महाराज. तुमची नाळ मीच कापली आहे. तेव्हा तुम्ही हसत नव्हता."

एके दिवशी राजा नवी होडी पाण्यात सोडायला निघाला होता. राणीने त्याची बाही धरली.

"अहो, मला एक खावंसं वाटतंय. मला ना..."

राजाला घाई होती. पण राणी नाराज व्हावी असेही त्याला वाटत नव्हते. त्याने आजोबांच्या वेळची पेटी उघडली, तळाशी पडलेला मोत्यांचा हार काढला आणि तिच्या गळ्यात घातला.

राणीचे वाक्य तिथेच थांबले. "काय म्हणत होते मी?"

"आठवलं की सांग," राजा म्हणाला आणि गेला.

राणीला ते आठवले नाही. त्या दिवसापासून तिला काही हवेसे वाटेना. समोर ठेवले ते ती लाकूड चघळावे तशी खाई. हाराची कडी नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी एक बारीक गाठ आली होती. गाठ सुटेना. कात्री लावली तर कात्री बोथट होई. दर पौर्णिमेला एक मोती विरघळे आणि हार तेवढा आखूड होई.

त्याच दिवसापासून किनाऱ्यावरच्या खारफुटीतून आवाज येऊ लागला, टिक टिक, टिक टिक. त्या राज्यात हा आवाज सगळ्यांना ठाऊक होता. खारफुटीत एक चेटकीण राहत असे, आणि जिथे बाई गरोदर असेल त्या घराच्या छपरावर ती उतरत असे. म्हणून आवाज मोठा झाला की लोक दारे लावून बसत, आणि बारीक झाला की गेली म्हणून दारे उघडत. तरीही दर दोनचार वर्षांनी एखाद्या घरातला पाळणा रिकामा राही. असे का होते ते कुणाला कळत नसे.

इनांगने राणीचा गळा पाहिला. "हिला डोहाळे नाहीत असं होणार नाही. डोहाळे आहेत, पण गळ्याशी अडलेत. ते दुसऱ्या वाटेनं बाहेर काढायला हवेत."

"कोणत्या वाटेनं?" राजाने विचारले. आता तो हसत नव्हता.

"नवरा झोपलेला असताना बायकोनं त्याला ओलांडलं, तर तिचे डोहाळे त्याला लागतात. जेवा आणि आडवे व्हा, महाराज."

राजा दुपारी चटईवर झोपला. राणीने लुगड्याचा काठ उचलला आणि त्याला ओलांडले.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात दोन कोळ्यांचे भांडण चालू असताना राजा एकदम म्हणाला, "मीठ लावलेली कैरी मिळेल का?"

प्रधानाने नम्रपणे विचारले, "महाराज, हा निकाल समजायचा का?"

कैऱ्यांचा हंगाम नव्हता. राजाच्या तोंडाला पाणी सुटले होते आणि ती ओढ कानात ढोलासारखी वाजत होती. इतक्यात खिडकीवर एक निळा पक्षी येऊन बसला. त्या राज्यात पक्षी बोलत, पण क्वचितच बोलत.

पक्षी म्हणाला, "तीन डोहाळे आहेत. तिन्ही पुरवा. सर्प सूर्याला गिळेल त्या दिवशी हार गळ्याला भिडेल आणि नाळ बाळाच्या गळ्याला. गाठ ज्या हाताला सुटायची, तो हात त्याच दिवशी येईल."

"कोणाचा हात?"

"मला वाट ठाऊक आहे. नाव ठाऊक नाही," पक्षी म्हणाला आणि उडाला.

राजाने होडी काढली आणि पक्ष्यामागून एकटाच गेला. एका बेटावर वारुळाएवढ्या मातीच्या ढिगामागे बारमाही आंबा होता. राजा पुढे झाला, तशा फांद्या वर उचलल्या गेल्या. तो झाडावर चढला, तर झाड उंच झाले.

"ढिगात म्हातारे राहतात," पक्षी म्हणाला. "तुम्ही त्यांच्या अंगणातून न विचारता आलात."

राजाने जन्मात कुणाला वाट मागितली नव्हती. त्याला शब्द सापडेनात. शेवटी त्याने मुकुट काढून काखेत धरला आणि म्हटले, "मोठ्यांनो, जरा जाऊ देता का?"

ढिगातून कुणीतरी खोकले. फांद्या खाली आल्या. राजाने कैरी हातात घेतली आणि कानातला ढोल थांबला. त्याने कैरी तोंडाशी नेली, पण आता ती खावीशी वाटेना.

"खात का नाही?" पक्ष्याने विचारले.

"दूर होती तेव्हा ओढ कान फोडत होती. हातात आली आणि गप्प झाली. ही माझ्यासाठी नसावी." त्याने कैरी झोळीत ठेवली. झोळीत ती तशीच ताजी राहिली. राणीला त्याने मीठ लावून एक फोड देऊन पाहिली, पण राणीने ती लाकूड चघळावी तशी चघळली.

मग राजाला जुळे केळे हवेसे झाले. इनांगने कपाळाला हात लावला. "नको म्हणून सांगितलं, नेमकं तेच."

असे केळे दोन मांत्रिकांच्या बागेत होते. ते भाऊ होते आणि त्यांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. एक म्हणाला, "देऊ या." दुसरा म्हणाला, "देऊ नये." दोघे भांडू लागले. राजाने हुकूम करायला तोंड उघडले, आणि ज्या घडाकडे तो पाहत होता तो कच्चा हिरवा झाला. त्याने तोंड मिटले, घड पिकू लागला. मग राजा खाली बसला आणि ऐकत राहिला. भावांनी बागेचे भांडण काढले, मग आईचे काढले, मग लहानपणी कुणी कुणाला पाण्यात ढकलले ते काढले. सूर्य कलला तेव्हा दोघे थकले.

दुसरा म्हणाला, "इतका वेळ आमचं कुणी ऐकलं नव्हतं. घे ते केळं."

केळे हातात आले आणि ओढ पुन्हा गप्प झाली.

तिसरा डोहाळा सगळ्यांत साधा होता. राजाला मडक्याच्या तळाला लागलेला करपलेला भात हवासा झाला. आचारी गयावया करू लागला. महालाच्या चुलीवर एका जुन्या मंत्राचा पहारा होता. तिच्यावर नोकराच्या हातून काहीच करपत नसे.

"मग मालकाच्या हातून करपेल," पक्षी म्हणाला.

राजा चुलीपुढे बसला. पहिला भात कच्चा राहिला. दुसऱ्याचा कोळसा झाला. फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले आणि हाताला फोड आला. राणी येऊन म्हणाली, "दारात बसायची मला बंदी आहे, नाहीतर इथेच बसून बघितलं असतं." किती दिवसांनी ती काही गमतीचे बोलली होती. तिसरा भात तळाला तांबूस काळा लागला. राजाने तो उलथन्याने खरवडून पानात बांधला, आणि कानातला ढोल कायमचा थांबला.

तरी हार सुटला नाही. तो आता गळ्याला टेकायला आला होता, आणि बाळाची हालचाल मंद झाली होती.

मग तो दिवस उजाडला. दुपारी पाण्यातून सर्प वर आला आणि सूर्याला एका बाजूने गिळू लागला. त्याने सूर्य ओकावा म्हणून लोक भांडी वाजवायला किनाऱ्यावर गेले. राणी आत निजली होती, इनांग तिच्या उशाशी होती. रिवाजाप्रमाणे नवऱ्याने घराखाली पहारा द्यायचा, म्हणून राजा तलवार घेऊन खांबांमध्ये उभा राहिला. झोळी त्याच्या खांद्यावर होती.

टिक टिक. आवाज इतका मोठा झाला की खांब थरथरले. शेजारी उभ्या सेनापतीने भाला रोखला. मग आवाज उतरू लागला. उतरत उतरत तो मुंगीच्या पावलाएवढा झाला.

सेनापती म्हणाला, "गेली, महाराज. दार उघडायला सांगू?"

राजा ऐकत होता. दूर होती तेव्हा कान फोडत होती. हातात आली आणि गप्प झाली.

"दार उघडू नका," तो हळू म्हणाला. "ती गेली नाही. ती आली आहे. तुम्ही बाहेर जा."

सेनापती गेला. राजा वळला. मागच्या खांबाशी एक म्हातारी उभी होती. तिचे केस जमिनीला लागत होते, जीभ टाळूला लागून टिक टिक वाजत होती, आणि गळ्याभोवती मोत्यांएवढ्या व्रणांची माळ होती. तिची नजर तलवारीवर नव्हती, झोळीवर होती. आंबट आठवले की कुणाचीही जीभ तशी वाजते, हे राजाला तेव्हा समजले.

त्याने तलवार खांबाला टेकवली, केळीचे पान अंथरले आणि म्हटले, "बसा."

"या घरात मला बस म्हणायची पद्धत नाही," म्हातारी म्हणाली. "काय आणलंय?"

"मीठ लावलेली कैरी. जुळं केळं. करपलेला भात."

म्हातारी बसली. तिने आधी भात चाखला. "हा कुणी केला?"

"मी."

"कळतंय," ती म्हणाली, पण तिने पान चाटूनपुसून खाल्ले. मग कैरी खाल्ली. केळे तिने मधोमध दुभागले आणि एक भाग बराच वेळ हातात धरून ठेवला. "मला जुळी हवी होती. एकाला एक सोबत. मी तुझ्या आजोबाची पहिली राणी. या तीन गोष्टी मागितल्या. तो म्हणाला, राणीनं असलं मागू नये. आणि माझं तोंड बंद करायला त्यानं गळ्यात मोती घातले. माझा पाळणा रिकामाच राहिला."

राजाने मान खाली घातली. "मीही तेच केलं."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी आले." तिने केळ्याचा राहिलेला भाग खाल्ला. तिची जीभ थांबली. राज्यात एकदम शांतता झाली, किनाऱ्यावरची भांडीसुद्धा क्षणभर थांबली.

"तुमचं नाव काय?" राजाने विचारले.

"ते कुणी विचारत नाही. लिगाया."

राजाने हाक मारून दार उघडायला सांगितले. ती शिडी चढून वर गेली आणि राजा तिच्यामागून गेला. इनांग तिला पाहून दचकली, आणि तिने सरकून जागा दिली. लिगायाने गाठीला बोट लावले आणि गाठ सुटली. मोती बांबूंच्या फटींतून खाली पडले आणि पडता पडता पाण्याचे थेंब झाले. लिगायाच्या गळ्यावरचे व्रण पुसले गेले. तिथे आता साधी, पांढऱ्या केसांची, पोट भरलेली म्हातारी उभी होती. बाहेर सर्पाने सूर्य ओकला.

राणीच्या पोटात बाळाने लाथ मारली. ती उठून बसली, तिने गळ्यावरून हात फिरवला आणि राजाकडे पाहून ती म्हणाली,

"...मागच्या अंगणातलं करमळाचं फळ खावंसं वाटतंय. चांदणीसारखं कापून."

राजा उभा राहिला. अंगण दहा पावलांवर होते. तो ती दहा पावलेही धावत गेला.

पुढे राणीला मुलगी झाली. ती रडत जन्माला आली आणि तिची नाळ मोकळी होती. इनांगने ती कापली आणि लिगायाने बाळाला न्हाऊ घातले. मुलीचे नाव लिगाया ठेवले, आणि थोरली लिगाया महालातच राहिली. खारफुटीत आता फक्त खेकडे वाजतात.

राज्यात जुने नियम तसेच राहिले, त्यांत राजाने एकाची भर घातली. गरोदर बाई काही मागू लागली, तर ऐकणाऱ्याने आधी तिचे वाक्य पुरे होऊ द्यावे. तो नियम तिथे अजून पाळतात, आणि तिथले पाळणे भरलेले आहेत.