खाली निघालेली नदी

“थांब म्हणते ना, भवाने! किती खाली जाशील? पाताळात काय तुझं माहेर आहे?”

“माझं माहेर कुठं का असेना. तू घरी जा, ठके. तव्यावरची भाकरी करपली असेल.”

“भाकरी? अगं, पीठ मळायला पाणी कुठं ठेवलंयस तू?”

ठकू पाथरवटीण एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात छिन्नी घेऊन काळ्या कड्याला पालीसारखी चिकटली होती, आणि खालून घुंगरी नदी तिला उलट बोलत होती. वर काठावर सगळं बोरमाळ गाव पालथं पडून, माना खाली काढून ऐकत होतं. नदीला बोलता येतं का, असं तेव्हा कुणी विचारत नसे. तिला थांबवायचं कसं, एवढाच गावापुढचा प्रश्न होता.

आता हे भांडण लागलं कशावरून, ते आधी ऐका.

फार वर्षांपूर्वी, इतक्या की तेव्हाच्या डोंगरांच्या आता टेकड्या झाल्या, घुंगरी अशी खोल नव्हती. ती माळावरून वाहायची, अगदी गावाच्या अंगणाला लागून. बायका ओट्यावर बसल्या बसल्या घागर बुडवायच्या. म्हशी पाण्यात बसून रवंथ करायच्या आणि नदी त्यांच्या पाठी चोळून पुढं जायची. पायात घुंगरं बांधल्यासारखी वाजायची, म्हणून घुंगरी. असं म्हणतात की तेव्हा बोरमाळात दोर फक्त गुरं बांधायला लागे, पाणी काढायला नाही.

या गावात ठकू टाकी लावायची. टाकी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, कारण आता पीठ पिशवीतून येतं आणि पिशवीला कुणी विचारत नाही की तू कुठून आलीस. जात्याचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला की दाणे नुसते घरंगळतात. मग छिन्नीनं त्याला बारीक बारीक टवके पाडून पुन्हा खरखरीत करायचा. ती टाकी. ठकूनं टाकी लावलेल्या जात्यातून पीठ नव्हे, चांदणं सांडायचं, असं म्हणतात. आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाईला स्वतःची कला ठाऊक असली की लोक तिला तोंडाळ म्हणतात. तर ठकू तोंडाळ होती.

एका दुपारी ती काठावर जातं घेऊन बसली होती. नदी आपली शेजारून वाजत होती, हसत होती, ठकूच्या पदरावर शिंतोडे उडवत होती. ठकूनं वैतागून हातोडी खाली ठेवली.

“काय गं ही नुसती खळखळ? जन्मभर या खडकावरून घसरतेस, एक ओरखडा तरी काढलास का? हे बघ.” आणि तिनं छिन्नीच्या एका ठोक्यात काठच्या खडकावर तांदळाएवढी खूण पाडली. “याला काम म्हणतात.”

नदी गप्प झाली. गावातली माणसं दचकून दारात आली, कारण घुंगरं थांबलेली कुणी कधी ऐकली नव्हती. मग अगदी हळू आवाज आला.

“मला दात नाहीत म्हणून हिणवतेस?”

“दात नाहीत, नखं नाहीत. तुझ्याच्यानं लोणीसुद्धा कापायचं नाही.”

“बघच मग,” नदी म्हणाली.

आणि ती डोंगरात गेली. पाण्याला दात नसतात, पण पाणी दात गोळा करून आणतं, हे ठकूला तेव्हा कुठलं कळायला! घुंगरीनं डोंगरातले कठीण गोटे वेचले, तोंडात धरले आणि खडक चावायला सुरुवात केली. ओट्यावरून बुडणारी घागर आता हात लांबवून बुडू लागली. मग पायरी उतरून. मग दोर सोडून. म्हशी काठावर उभ्या राहून हंबरायच्या आणि खालून त्यांना त्यांचंच हंबरणं परत यायचं.

गाव सुकलं. हंसा कुंभारणीचं चाक पहिलं थांबलं, कारण पाण्याविना माती ऐकत नाही. हंसा तडक ठकूच्या दारात येऊन उभी राहिली.

“गावाच्या जात्यांना टाकी लावलीस बाई, तुझ्या जिभेलाच तेवढी नको होती. आता जा. तुझ्या जिभेनं गेलेली नदी तूच परत आण. नाहीतर आम्ही बिऱ्हाडं बैलावर टाकतो आणि निघतो. तुझं बोरमाळ तुला लखलाभ.”

  ठकूनं हातोडी घेतली, छिन्नी कमरेला खोचली आणि कड्यात पहिली पायरी खोदली.

नदी पाण्यानं कापायची, ठकू पोलादानं. नदी एक हात खाली गेली की ठकू एक पायरी खाली. आणि दोघींची तोंडं चालूच.

वरचा खडक काळा आणि निबर होता, ठकूच्या मनगटाला मुंग्या आणणारा. त्याखाली लागला भोकाभोकांचा दगड, अनारशासारखी जाळी पडलेला, आणि त्या जाळीत पांढरे खडे, साखरेच्या दाण्यांसारखे लुकलुकणारे. ठकूनं एकावर बोट ठेवलं.

“हे गं काय?”

“तो आगीचा श्वास,” नदी खालून म्हणाली. भांडणात सुद्धा तिला सांगायची हौस. “मी नव्हते, तू नव्हतीस, डोंगर नव्हते, तेव्हा भुई फाटली आणि आगीचा रस काकवीसारखा पसरला. थर थर करून. त्या रसातले बुडबुडे निवले, त्यांची ही घरं. पुढं पाणी झिरपलं, त्या घरांत हे खडे वाढले.”

“तू नव्हतीस, तर तुला कुणी सांगितलं?”

“दगडानं. मी चावते तेव्हा तो बोलतो. तू ठोकतेस तेव्हा ओरडतो.”

हे ठकूला झोंबलं. तिनं पुढची पायरी जरा हळू खोदली.

मग आला तांबडा थर, गेरूसारखा मऊ, बोटाला रंग लावणारा. इथं आग फार फार वर्षं झोपली होती, नदी सांगू लागली. दगडाची माती झाली, मातीवर हिरवं काही उगवलं, पाऊस पडला, आणि ते सगळं बघायला कुणीही नव्हतं. मग आग पुन्हा जागी झाली. नदीचा आवाज त्या ठिकाणी असा काही मवाळ झाला की ठकूनं नकळत बोटावरची तांबडी माती कपाळाला लावली. त्याखाली खडकाचे खांब उभे होते, एकाला एक लागून, कुण्या देवळाचे बांधता बांधता राहून गेल्यासारखे.

घळीत खाली जावं तसं आभाळ अरुंद होत गेलं. आधी नदीएवढं होतं, मग लुगड्याच्या पदराएवढं, मग नुसत्या काठाएवढं. खाली दिवस वेगळे चालायचे. ठकू सणाला वर यायची तेव्हा तिला दिसायचं की मागच्या सणाला आलेली नवरी आता सून आणायच्या गोष्टी करते आहे. तिचे स्वतःचे केस कधी पांढरे झाले ते तिला कळलंच नाही. दगडाची पूड बसली असेल, असं ती म्हणायची आणि झटकायची.

वर गाव विरत चाललं होतं. एकेक घर बैलावर चढून पूर्वेकडे जात होतं. राहिलेल्या बायकांनी आपापली जुनी लुगडी एकमेकींना बांधून दोर केला, तोही पाण्याला पुरेना. म्हाताऱ्यांनी नदीची ओटी भरून वरून सोडली. नदीनं खण आणि नारळ मागं वळूनही न बघता वाहून नेले.

“माफी माग गं बाई,” हंसा काठावरून ओरडायची.

“कशाची? तेव्हा ओरखडा नव्हताच. मी खोटं काय बोलले?”

“ऐकलंस ना?” खालून नदी. “माफी नकोच आहे मला. एवढंच म्हण की घुंगरी ठकूपेक्षा चांगलं कापते. थांबते मी.”

“जीभ झडेल माझी.”

पण ठकूचे हात जिभेएवढे हट्टी नव्हते. नदीनं वाटेत खडकात रांजण कोरले होते, गोटे गरगर फिरवून फिरवून. ठकू त्यांच्या आतून तळवा फिरवायची आणि पुन्हा फिरवायची. कुठं एक टवका नाही, एक कोर नाही. अशी गोलाई कुठल्या छिन्नीच्या बापाला जमली नसती. ती हे कुणाला बोलली नाही. आणि नदीनंही एक गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. पावसाळ्यात ती घळ भरून, फेसाळत, झाडं उपटून आणत यायची, तरी ठकूची एकही पायरी तिनं झिजवली नाही. त्या पायऱ्या आजही जशाच्या तशा आहेत. जाऊन बघा.

जातातच हल्ली लोक. गाड्या भरभरून जातात. वर माळावर वडापावच्या टपऱ्या झाल्यात, चहा आहे, उसाचा रस आहे. परदेशातून भिंगं घेऊन माणसं येतात, थरांवरून हात फिरवतात आणि सांगतात, हे सगळं काही कोटी वर्षांचं, आणि ही घळ पाण्यानं आणि काळानं केली. बरोबरच आहे. पण पाणी आणि काळ हे दोघेही महाआळशी. कुणी डिवचल्याशिवाय ते एवढं काम अंगावर घेतील, हे बोरमाळाला पटत नाही.

गावातल्या पोरी लोकांना वाट दाखवायला नेतात. त्यांचे नियम आहेत आणि ते कुणासाठी वाकत नाहीत. घळीत हातोडा चालवायचा नाही, मग तुम्ही कितीही शिकलेले असा. तिथं शेवटचा ठोका ठकूचा, त्यावर कुणाचा नाही. तांबड्या थराशी बोट टेकवून कपाळाला टिळा लावायचा. आणि गाडीतून उतरतानाच धुसफुसत आलेलं जोडपं असलं तर त्यांना सगळ्यांत पुढं सोडायचं. “चला, मोठ्यानं भांडा,” पोरी सांगतात, “खालीपर्यंत पुरेल एवढं घेऊन आलायत ना?” निम्म्या पायऱ्यांत त्यांचं सरतं. दम लागून असेल, खडक बघून असेल.

तळाशी घळीच्या भिंती एकदम एकमेकींपासून लांब होतात. इतका वेळ खांदे घासत आलेल्या माणसाला तिथं हात पसरता येतात. हिरवागार डोह आहे, भोवऱ्याचा मागमूस नाही, आणि काठाला पाटासारखी सपाट शिळा. नदी तिथून आणखी खाली कापत गेलेली नाही. भिंगवाले म्हणतात, तिथं भिंतींचा खडक मऊ होता आणि तळाचा निबर. असेल. बोरमाळ म्हणतं, तिथं भांडण मिटलं. गाव उठलं नाही, ते त्या डोहाच्या पाण्यावर. आज मोटारीनं पाणी वर चढतं, पण लग्नाचं आणि बारशाचं पाणी अजून पायऱ्या उतरून, डोक्यावर आणायचं असतं.

आणि त्या शिळेचा एक रिवाज आहे. तिथं आधीच कोणी टेकलेलं असेल, मग ती शेळ्या राखणारी असो की कुणी मोठा साहेब, नंतर येणाऱ्यानं ठकूचं शेवटचं वाक्य म्हणायचं, आणि ते ऐकलं की पहिल्यानं कुरकुर करायची नाही. परक्या मुलखातले लोकसुद्धा ते वाक्य तोडक्यामोडक्या मराठीत पाठ करून जातात. मराठीतलं तेवढंच येतं त्यांना, पण तेवढं पुरतं, असं म्हणतात.

ते वाक्य ठकू बोलली, तो दिवस असा होता. ठकूची छिन्नी झिजून अंगठ्याएवढी उरली होती. शेवटच्या पायरीवर तिनं ठोका घातला आणि तो तुकडाही हातातून निसटला, खडकावर टणकन वाजला आणि पाण्यात गेला. पायरी संपली, पाणी अजून पुरुषभर खाली. ठकू हातोडी पायरीवर ठेवून घसरत, खरचटत उतरली. तळाशी चिरेएवढी अरुंद फट, तिच्यात नदी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरून गोटे चावत होती, आणि ठकूला पाऊल टेकवायला सुद्धा कोरडी जागा नव्हती. उजेड असा, की माशांना पडत असेल तसा.

फार वरून, स्वप्नातून यावा तसा हंसाचा आवाज आला. “ठकेऽऽ! बैल लादलेत गं! आम्ही निघालोऽऽ!”

नदीनं तो आवाज ऐकला. तिनं फेसाचं तोंड वर केलं आणि वाट बघू लागली. आता ही शिव्या देणार, किंवा आता ही माफी मागणार, किंवा म्हणणार एकदाचं, की तू चांगली कापतेस. कड्यावरचं उरलंसुरलं गावही कान देऊन होतं. ठकूनं आपले हात पाहिले, त्यात काहीच नव्हतं. तिनं नदीकडं पाहिलं. इतक्या जवळून तिनं तिला त्या दुपारनंतर पाहिलंच नव्हतं. नदीही बारीक झाली होती, आणि तिच्या तोंडातले गोटे झिजून वाटाण्याएवढे उरले होते.

 ठकूनं एक हात भिंतीला टेकला, आणि एकाच ओट्यावर जन्म गेलेल्या शेजारणीशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली,

“घुंगरे, सरक गं जरा, मला बसू दे.”