पंधरावी चूक

वसईकडच्या एका चर्चमध्ये मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, घोळ घालणं हा फादर बावतीस यांचा हातखंडा होता. एका रविवारी तर त्यांनी बायबलच्या वाचनाआधीच प्रवचन ठोकलं. शिस्तीचे भोक्ते इनास मास्तर यांनी त्या मिस्सेतल्या चौदा चुका लिहून बिशपांकडे धाडल्या. बिशपांनी दोघांना बोलावलं. आता बदली नक्की, असं म्हणत फादरांनी चष्मा लावून यादी वाचली. स्वतःच्या कर्तबगारीचं त्यांनाच हसू आलं.

"सगळ्या खऱ्या, बिशपस्वामी. पंधरावी तेवढी राहिली. ख्रिस्तप्रसाद उंचावला तेव्हा अख्खं चर्च गुडघ्यांवर होतं. पहिल्या बाकावर एक जण मात्र भराभरा लिहीत बसला होता. मी त्याला अडवलं नाही."

"कोण तो?" बिशपांनी विचारलं.

"तोंड दिसलं नाही. चष्मा विसरलो होतो. यादीत आहे बघा, तिसरी चूक."

मास्तरांनी यादी हळूच परत मागितली.