निनादचे नवे बूट

"...मग यांतलं खरं कोणाचं, महाराज?"

निनाद कारखानीसने विचारलं आणि उंबऱ्याबाहेरच्या आपल्या नव्या बुटांकडे एकदा पाहून घेतलं.

पोरगा हुशार, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पीएच.डी. बँकांवर चालली होती. खातेदारांना विचारावं, तर ते म्हणत, विश्वास हवा, जन्माचं नातं हवं. भागधारक म्हणत, मनात येताच शेअर विकून मोकळं होता आलं पाहिजे. एकाला मुक्काम हवा, दुसऱ्याला पळवाट, आणि बँक एकच. एका म्यानात दोन तलवारी बसवायच्या कशा? तेवढ्यासाठी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मार्गदर्शकांकडून दोनदा परत आलं होतं. प्रबंध अडला, झोप उडाली, तेव्हा आईने त्याला निरंजनगिरी महाराजांच्या मठात धाडलं.

महाराजांनी शिऱ्याची वाटी पुढे केली. निनादची नजर पुन्हा बुटांकडे गेली.

महाराज उठले. बूट उचलून आणले आणि त्याच्या हातांत दिले.

"घे. आता केव्हाही निघता येईल. शिरा खा."

दोन हातांत दोन बूट. वाटी धरायची कशाने? निनाद ओशाळला.

"समजलं, महाराज. पळवाटच नको. शेअर विकायला बंदी घाला, असं लिहितो."

"बरं..."

महाराजांनी बूट कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

आता हात मोकळे होते, पण घास घशाखाली उतरेना. कुलूप काही नजरेआड होईना. एवढा प्रशस्त मठ, पण त्याला कोंडवाडा वाटू लागला.

"महाराज... निघावं म्हणतो."

महाराज मनापासून हसले. कपाट उघडून त्यांनी बूट पुन्हा उंबऱ्याबाहेर, होते तिथेच नेऊन ठेवले. दार सताड उघडं होतं.

निनाद परत टेकला. शिरा साजूक तुपातला होता. महाराज आईची खुशाली विचारत राहिले, तो सांगत राहिला. वाटी संपली तशी त्याने आपण होऊन पुढे केली. कित्येक महिन्यांनी त्याला इतकं निवांत वाटत होतं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, तो त्याने ऐकला आणि सोडून दिला.

मग एकदम आठवण झाली.

"महाराज, माझं शेवटचं प्रकरण राहिलंच की. काय लिहू त्यात?"

महाराजांनी वाटीत शिरा वाढला.

"तुझे बूट कुठे आहेत रे?"