कॅसेटची पाठ

"…पण खालचा आवाज वर काढता येतो की नाही, तेवढं सांगा ना चाचा."

दिगंबर शिवलकरने तिसऱ्यांदा तेच विचारलं.  अब्बासचाचा कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एका टेपरेकॉर्डरचं फीत वाचणारं हेड पुसत होते.

खाडीकाठच्या दर्ग्याची दिवाबत्ती बघायची आणि उरलेला वेळ ओसरीवर बसून टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, एवढंच चाचांचं जग. दिगंबर त्यांचा चेला. इथंच शिकला आणि मस्कतला गेला. तिथल्या एका बड्या हॉटेलातली सगळी साउंड सिस्टिम आता त्याच्या हाताखाली होती. हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं, चाचांनी पाणी विचारायच्याही आधी.

"कोणाचा आवाज?" चाचांनी शेवटी विचारलं.

"शेवंतीचा."

चाचांचा हात थांबला. शेवंती म्हणजे दिगंबरची बायको. दोन महिन्यांपूर्वी काविळीने गेली. तो घरी पोचला तेव्हा तेरावंसुद्धा उरकलं होतं.

दिगंबरने पिशवीतून तिचा छोटा टेपरेकॉर्डर काढून पुढे ठेवला. आत कॅसेट तशीच होती.

"पत्रं लिहायचा दोघांनाही कंटाळा. मी कॅसेटवर बोलायचो आणि सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्याबरोबर धाडायचो. ती ऐकायची, त्याच्यावरच आपलं बोलायची आणि परत धाडायची. मग मी तिच्यावर…"

"म्हणजे दर खेपेला एकाने दुसऱ्याला पुसायचं."

"ऐकून झालेलं कशाला ठेवायचं, असं वाटायचं तेव्हा."

"शेवटी कोण बोललं?"

"मीच. दीड वर्ष झालं. तिने उत्तरच धाडलं नाही. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, एवढा कसला ताठा? बघू कोण आधी बोलतं ते. मग मीही नाही धाडलं…"

 दीड वर्ष जो राग त्याने जिवापाड जपला होता, तो आता कोणावर काढायचा हेच त्याला कळत नव्हतं.

"मला तिचं काहीतरी हवंय चाचा. माझ्या आवाजाच्या खाली कुठेतरी असेलच ना ती?"

"नाही. पुसलं ते गेलं."

दिगंबरचा चेहरा कडक झाला. "तुम्हाला जमत नसेल. मस्कतला मशिनं आहेत. मी नेतो तिकडे."

"ने की. पण मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

"हेड पुसायला."

"त्याच्या आधी."

दिगंबरने मान खाली घातली. एवढा मोठा बाप्या, पण पाढे म्हणावेत तसा म्हणून गेला, "कॅसेट हातात आली की आधी तिची पाठ बघायची. पाठीवर दोन कोपऱ्यांना दोन दात असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आत आहे ते तसंच राहतं."

"बघितलीस पाठ?"

…नव्हती बघितली.

त्याने कॅसेट काढून उलटी केली. दोन्ही दात मोडलेले होते. तेही सफाईने नव्हे. केसातल्या आकड्याने उचकटावेत तशा कडा खरवडल्या होत्या.

"मागल्या शिमग्याला आली होती," चाचा म्हणाले. "म्हणाली, चाचा, यांचा आवाज आता पुसवत नाही मला. काय करू? मी दात दाखवले."

"मग बोलायला दुसरी कॅसेट घ्यायची होती तिने!"

"म्हणाली, नवी ते धाडतील."

दिगंबरने कॅसेट चाचांच्या हातात दिली. खाडीवरून वारा येत होता. 

चाचांनी कॅसेट पुन्हा आत घातली. तिने जिथे थांबवली होती तिथूनच ती सुरू झाली. दिगंबरचाच आवाज. हॉटेल किती मजल्यांचं, साहेब कसा खूश, जेवणाला किती प्रकार. स्वतःची ती बढाई ऐकून दिगंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्येच, जाता जाता, तो आवाज म्हणाला, "बरं, तू जेवलीस का?"

तेवढे शब्द खोल गेले. थरथरले, घोगरे झाले, कसेबसे उमटले. पुढे पुन्हा हॉटेल, स्वच्छ आणि खणखणीत.

चाचांनी फीत थोडी मागे घेतली. पुन्हा तेच. तेवढ्याच शब्दांशी आवाज बसला.

दिगंबरने डोळे पुसले. रडतानासुद्धा त्याच्यातला कारागीर जागा होता. "इथे फीत झिजलीय चाचा. तिने पुन्हा पुन्हा एवढीच जागा लावलीय. हे मी दुरुस्त करतो. तिच्यासाठी एवढं तरी…"

त्याने मशिनकडे हात नेला. चाचांनी तो हळूच धरला.

"हात लावू नको, दिगा. सबंध कॅसेटमध्ये तेवढाच तिचा आवाज आहे."